बावची, कात आणि उजवा हात

मी जन्मले तीच काळी. सावळी, गव्हाळ, निमगोरी असल्या सवलती मला कधी कोणी दिल्या नाहीत. आमच्याकडे आत्याला फुई म्हणतात. माझी फुई ऐन उमेदीत विधवा होऊन माहेरी परतली आणि आल्या दिवसापासून घराचा कारभार तिच्या पदराला बांधला गेला. त्या कारभारात माझा रंग हे एक खातं होतं. दर आठवड्याला साय, हळद आणि बेसन कालवून ती मला अंगणात दगडावर बसवायची आणि भांडं घासावं तशी घासायची. पाच वर्षं घासली. भांडं उजळलं असतं, मी नाही उजळले.

पंधराव्या वर्षी मात्र मी गोरी व्हायला लागले, उजव्या मनगटापासून. पाच वर्षं मला उजळवण्यासाठी झटलेली फुई पुढचं अख्खं वर्ष मला काळी करण्यासाठी झटली. देवाला विनोद कळतो की नाही मला माहीत नाही, पण माझ्या बाबतीत त्याने एक करून पाहिला होता हे नक्की.

आमचं गाव तळोद्याहून दोन कोसांवर. घराच्या धाब्यावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, चढलं की उत्तरेला सातपुडा दिसायचा आणि दुसऱ्या अंगाला तापीच्या बाजूची सपाट काळी शेतं. गावाला वर्षातून दोनदा बांगड्या भरायला कासारीण यायची. त्या चैत्रात तिने माझ्या उजव्या हातातल्या जुन्या बांगड्या उतरवल्या आणि नव्या चढवायच्या सोडून हात उजेडाकडे वळवला. बांगड्यांच्या खाली दोन डाग होते, ज्वारीच्या दाण्याएवढे, पांढरे. मला वाटलं, काचेने घासलं असेल. कासारणीने माझ्या आईकडे पाहिलं, आईने फुईकडे पाहिलं, आणि फुईने माझा हात पदराखाली घेतला.

कासारीण बारा गावं फिरायची. तिच्यापुढे तळोद्याचं पोस्ट फिकं. चार दिवसांत आमच्या पोरीला कोड फुटला ही बातमी तापीपार पोचली.

चैत्र म्हणजे आमच्याकडे बिबडे करायचे दिवस. बिबडे म्हणजे ज्वारीचे जाड पापड. भिजवलेली, कांडलेली ज्वारी मोठ्या पातेल्यात तीळ, लसूण, मिरची घालून शिजवायची, त्याचा घट्ट घाटा होतो, आणि तो गरम असतानाच ओल्या हाताने धाब्यावरच्या धोतरावर थापायचा. एकटीचं हे काम नव्हे. गल्लीतल्या सगळ्या बाया आज हिच्या धाब्यावर, उद्या तिच्या. मला रूप नव्हतं, गळा नव्हता, शिवणटिपण यथातथाच. पण बिबडा मी असा थापायची की कडेपासून मधापर्यंत एकसारखा, आणि गोल म्हणजे गोल. या एका गुणावर मी फार उड्या मारायची. फुई या बाबतीत भारी कडक. कोणाचा बिबडा वाकडा झाला की ती तो ओलाच गोळा करून परत पातेल्यात टाकायची, मग थापणारी पाटलीण का असेना. माझा तिने एकदाही मोडला नव्हता.

त्या वर्षी मी नेहमीसारखी पातेल्याशी जाऊन बसले. एका शेजारणीने पातेलं हळूच आपल्याकडे ओढलं. फुईने ते पाहिलं. मग ती माझ्या हातात काठी देऊन म्हणाली, "तू कावळा हाकल."

तसं पाहिलं तर ते मानाचं काम होतं. कावळे नसते हाकलले तर बिबडे राहिलेच नसते. पण मला कळायचं ते कळलं. लग्न होईल की नाही, झालं तर कोणाशी, याचं मला त्या वयात फारसं काही वाटत नव्हतं. त्या घाट्यात माझा हात आता चालणार नाही, हे मात्र मला फार लागलं. मी काठी घेऊन बसले आणि कावळ्यांना असल्या शिव्या दिल्या की खालून आईला वर यावं लागलं.

फुई स्वस्थ बसणारी नव्हती. तळोद्याच्या बाजारात डोंगरातून एक बाई चारोळी, डिंक आणि पाल्याची गाठोडी घेऊन यायची. तिच्याकडून फुईने बावची आणली. काळं, चपटं, कडवट वासाचं बी. त्या बाईने खाणाखुणा करून, मोडक्यातोडक्या बोलीत दोनदोनदा बजावलं होतं की लेप लावल्यावर उन्हात बसायचं, पण थोडंच. सकाळचं कोवळं ऊन, अंगण झाडून होईपर्यंत. फुईने सगळं ऐकून घेतलं. पण फुईचा हिशेब सरळ होता. थोड्या उन्हाने थोडा गुण येत असेल, तर पुऱ्या उन्हाने पुरा गुण येईल. शिवाय कावळे हाकायला मी धाब्यावर बसतच होते. एका दगडात दोन पक्षी.

बावची रात्रभर गोमूत्रात भिजवायची, सकाळी पाट्यावर वाटायची आणि फुईने आपल्या बोटांनी माझ्या मनगटावर चोळून चोळून लावायची. दिवसभर मी चैत्राच्या उन्हात. तिसऱ्या दिवशी मनगटावर लिंबाएवढा फोड आला. आईने पाटा उचलून आत ठेवला आणि त्या दिवशी ती फुईशी पहिल्यांदा भांडली.

गंमत अशी की फोड फुटून कातडी सुकल्यावर त्या पांढऱ्यात तिळासारखे चार काळे ठिपके उगवले. म्हणजे बावची खोटी नव्हती. पुष्कळ वर्षांनी एका कातडीच्या डॉक्टरांनी मला समजावलं की त्या बियांत असं काही असतं, जे कातडीला ऊन दुपटीतिपटीने प्यायला लावतं. मापात दिलं तर रंग परत येऊ शकतो, मापाबाहेर दिलं तर भाजतं. त्यांच्या शहाण्या मशिनीतही तेच चाललेलं असतं. मी म्हटलं, हे आम्हाला एका चारोळीवालीने सांगितलं होतं. डॉक्टर हसले, पण त्यांनी ते लिहून घेतलं नाही.

फोड बरा झाल्यावर फुईने बावची परत सुरू केली, आता कोवळ्या उन्हापुरतीच, आणि लेप रोज आपल्या हातांनी चोळत राहिली. डाग मात्र वाढत होता. मग फुईच्या डोक्यात गोंदण आलं. आमच्याकडे गोंदल्याशिवाय बाईची जात पुरी होत नाही, आणि माझा हात तसाही कोराच होता. गोंदणारी बाई ज्येष्ठात गावात आली, तेव्हा फुईने तिला घरात घेऊन दार लावलं. काजळी आणि कसल्याशा पाल्याचा रस एकत्र केला, तीन सुया एकत्र बांधल्या, आणि माझ्या मनगटावरच्या पांढऱ्यावर एक मोर बसवला. मोराच्या मागून कोपरापर्यंत वेल नेली. मी ओरडू नये म्हणून आईने तोंडात गुळाचा खडा दिला होता. मी तो खाऊन टाकला आणि मग ओरडले.

तीनचार महिने मोर छान दिसला. फुई येणाऱ्याजाणाऱ्याला माझा हात दाखवायची. आणि मग दसऱ्याच्या आसपास मोराभोवती पांढरं अंगण पसरायला लागलं. मोराभोवतीच पसरलं असतं तरी समजून घेतलं असतं, पण जिथे जिथे सुई गेली होती तिथे तिथे, वेलीच्या प्रत्येक ठिपक्याभोवती, एकेक पांढरं वर्तुळ उमटलं. ज्या कोपराला कोडाचा पत्ता नव्हता तिथवर फुईने त्याला वेलीची वाट आखून दिली होती. कोडाच्या कातडीला ओरखडा, टोच, काही सोसत नाही, तिथेच पांढरं उगवतं, हे आता कोणीही सांगेल. तेव्हा आम्हाला कोण सांगणार? माझा मनगटापुरता असलेला कोड आम्ही स्वतःच्या हाताने हातभर केला. आता गल्लीतल्या बाया मी पाणी भरायला गेले की आपल्या घागरी जरा बाजूला घ्यायच्या. त्यातली एक तर महारोग असं कुजबुजली. ते फुईने ऐकलं. त्या संध्याकाळी ती जेवली नाही.

दिवाळीत माझा मोठा भाऊ आला. तो बडोद्याला कॉलेजात रसायनशास्त्र शिकत होता. आमच्या घरातला पहिलाच असा माणूस, की जो काय शिकतो ते घरात कोणाला सांगता यायचं नाही. त्याने माझा हात पाहिला आणि कपाशीच्या ढिगातून चिमूटभर कापूस घेतला. त्याची बारीक वात केली. मला डोळे मिटायला सांगितले आणि म्हणाला, कुठे लागतं ते सांगत जा. कापूस मनगटावर टेकला, मी सांगितलं मनगट. वेलीवर टेकला, मी सांगितलं वेल. मोराच्या शेपटीवर टेकला, मला गुदगुल्या झाल्या. दहाबारा वेळा झालं, एकदाही चुकले नाही. मग तो आईकडे वळला आणि म्हणाला की महारोगाच्या डागाला कापूस कळत नाही, हिला सगळं कळतं. हा महारोग नव्हे, हा लागत नाही, याने हिचं काही दुखणार नाही की झडणार नाही. आई भिंतीला टेकून बसली आणि तिला रडू आलं. मलाही आलं, पण माझे डोळे अजून मिटलेलेच होते, त्यामुळे चाललं.

फुईला मात्र कापसाने समाधान झालं नाही. लागत नाही तर रंग गेला कुठे, असा तिचा प्रश्न. मग भावाने भरताचं हिरवं वांगं घेतलं, दोन फोडी चिरल्या, एकीवर लिंबू पिळलं आणि दोन्ही ताटलीत ठेवून आम्हाला समोर बसवलं. थोड्या वेळात उघडी फोड काळसर पडली. लिंबाची पांढरीच. आमच्यापैकी प्रत्येकीने आयुष्यभर वांगी चिरून पाण्यात टाकली होती आणि का टाकायची हे कधी विचारलं नव्हतं.

तो सांगायला लागला. वांग्याच्या आत एक बिनरंगाची वस्तू असते, आणि एक कारागीर असतो. चिरल्यावर दोघांची गाठ पडते, हवा लागते, आणि कारागीर त्या वस्तूचा काळा रंग करतो. लिंबाच्या आंबटाने कारागीर गप्प बसतो. माणसाच्या कातडीत याच कारागिराचा चुलतभाऊ बसलेला असतो. आपण खाल्लेल्या डाळीदुधातला एक पदार्थ घेतो आणि त्याचा काळा रंग तयार करून कातडीत वाटत राहतो. ऊन लागलं की तो जास्त काम करतो, म्हणून आपण उन्हात रापतो. काळ्या माणसाकडे तो उद्योगी असतो, गोऱ्याकडे आळशी. आणि हिच्या हातावर जिथे पांढरं आहे तिथे रक्त ठीक आहे, मांस ठीक आहे, फक्त रंगारी गाव सोडून गेले आहेत. वरून काजळी भरून मोर बसेल, पण रंगारी येणार नाहीत.

मला आयुष्यात पहिल्यांदा काळी असल्याचा अभिमान वाटला. पंधरा वर्षं माझे रंगारी घरात सर्वांत उद्योगी होते, आणि आम्ही बेसन लावून त्यांना पळवायला निघालो होतो.

फुईने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं की ते परत कधी येतील. भाऊ म्हणाला, माहीत नाही. का गेले? तेही माहीत नाही, त्याच्या प्राध्यापकांनाही माहीत नाही. फुई उठता उठता म्हणाली की मग बडोद्याला शिकवतात तरी काय. पण वांगं तिच्या मनातून गेलं नाही. दुसऱ्या दिवसापासून माझ्या ताटातलं लिंबू, चिंच, लोणचं, ताक, सगळं बंद झालं. आंबटाने कारागीर गप्प बसतो ना! भावाने कपाळाला हात लावला. मी हिवाळाभर आंबटाशिवाय वरणभात खाल्ला आणि विज्ञानाला मनातल्या मनात नावं ठेवली.

माघात मला स्थळ आलं, तापीच्या पलीकडचं. जमीनजुमला बरा, मुलगा शिकलेला. बोलणी झाली, सुपारी ठरली. त्यांच्या कानावर कोडाचं गेलं नव्हतं, किंवा गेलं असलं तरी त्यांनी ते मनावर घेतलं नव्हतं. सुपारीला मुलाची आई येऊन मुलीच्या हातात हिरव्या बांगड्या भरायची रीत. म्हणजे हात उघडा होणार. फुईने कात उगाळला, त्यात थोडा गेरू घातला, आणि आठ दिवस माझ्या डाव्या हाताशी रंग जुळवत बसली. शेवटी जमला. सुपारीच्या सकाळी तिने उजव्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत तो रंग चढवला, मोरालाही लिंपून टाकलं. आरशात पाहिलं तर माझाच जुना हात मला परत मिळाला होता. मी तिला विचारलं की सासरी हे रोज करायचं का. ती म्हणाली की एक लेकरू झालं की कोण विचारतं.

दुपारी पाहुणे आले. मुलाची आई सुती लुगड्यातली, साधी, बोलायला मऊ. तिने मला जवळ बसवून घेतलं आणि विचारलं की बिबडे करता येतात का. आईने घाईने सांगितलं की येतात. खरं तर वर्षभर मला कोणी करू दिले नव्हते. बांगड्या चढवायला आलेली कासारीण तीच, जुनी. तिने पाण्याचं भांडं पुढे घेतलं, कारण बांगडी ओल्या हातावरून सरकते. हे फुईच्या हिशेबात राहूनच गेलं होतं. कासारणीच्याही ते ध्यानात आलं असावं, कारण ती कोरड्या हातानेच बांगडी चढवायला लागली. ती बिचारी मला वाचवायला निघाली होती. बांगडी हाताच्या सांध्यावर अडली. मला दुखलं.

त्या दुखण्याने माझं डोकं फिरलं, असं म्हणते मी. पण तसं नाही. त्या बाईने बिबड्यांचं विचारलं होतं, त्यानेच फिरलं होतं. मी हात भांड्यात घातला आणि दुसऱ्या हाताने चोळला. पाणी तांबडं झालं. हात बाहेर काढून मी तिच्यापुढे धरला.

"मन्हा हातले कोड शे," मी म्हणाले. "बांगड्या भराना आधी देखी ल्या."

ओसरीवर पुरुषांचं बोलणं चालू होतं, तेवढंच ऐकू येत होतं. त्या बाईने माझा हात हातात घेतला, वळवून पाहिला, मोरावरून बोट फिरवलं. मग तिने हिरव्या बांगड्या एकेक करून परत फडक्यात बांधल्या. ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. निघताना ती दारात आईला म्हणाली, "पोर खरी शे, बाई. पन मन्हा घरमा आजून दोन आंडेरी शेतस." तिच्या दोन मुलींची लग्नं व्हायची होती. तिचंही चुकलं असं मला आजही म्हणवत नाही. त्या संध्याकाळी मात्र मी गोठ्यात जाऊन पोटभर रडले.

फुई माझ्याशी बोलायची बंद झाली. रागाने गप्प होती की आणखी कशाने, ते मला कळेना. बावची बंद, लेप बंद. माझ्या ताटात लिंबाची फोड परत आली, तीही न बोलता. होळी झाली. सातपुड्यातल्या काठी गावच्या होळीला जाणारे लोक गावावरून गेले, परत आले. लग्नाचं विचाराल, तर ते पुढे चार वर्षांनी झालं, खापर गावाकडच्या एका मास्तरांशी. त्यांना सगळं पोस्टकार्डावर लिहून आधीच कळवलं होतं. पाकिटात घालायला मी साफ नकार दिला, म्हटलं वाटेत सगळ्यांना वाचू दे. पण मला जे खरं परत मिळायचं होतं ते त्याआधीच, त्याच चैत्रात मिळालं.

आमच्या धाब्यावर बिबड्यांचा दिवस आला. घाटा शिजला, पातेलं वर चढवलं, धोतरं पसरली. मी कोणी सांगायच्या आधीच कोपऱ्यातली काठी उचलली. एवढं मी शिकले होते.

"काठी ठेव," फुई म्हणाली. दोन महिन्यांत तिचा पहिला शब्द.

मी ठेवली. तिने मला पातेल्याशी बोलावलं. गेल्या वर्षीची तीच शेजारीण पुढे सरकली आणि म्हणाली की बिबडे सगळ्यांच्या घरी जातात, लेकरंबाळं खातात, पोरीला उगीच कशाला. बाकीच्या बाया खाली बघत होत्या. फुईने हातातलं उलथणं बाजूला ठेवलं आणि आपले दोन्ही तळवे त्या बाईपुढे उघडे धरले. जुने, काळे, घट्टे पडलेले हात.

"वरीसभर हिना हात मी या हातवरी चोळा," ती म्हणाली. "मले काय लागनं, दखाड."

शेजारणीने खरंच पाहिलं. मीही पाहिलं, कारण हे माझ्याही कधी लक्षात आलं नव्हतं. वर्षभर ज्या हातांनी ती माझा कोड रोज चोळत होती, त्याच हातांनी तिने गेल्या चैत्रातही आणि याही चैत्रात सगळ्या गल्लीचा घाटा कालवला होता. गल्लीचं सोडाच, तिच्या स्वतःच्याही हे ध्यानात यायला सुपारी मोडावी लागली. शेजारीण जागा करून देण्यापुरती बाजूला सरकली.

फुईने माझं मनगट धरलं, मोराच्या वरून, आणि माझा हात पाण्यात बुडवून घाट्यावर ठेवला. घाटा चांगलाच तापलेला होता. मी हात काढला नाही. गोळा उचलला, धोतरावर ठेवला आणि थापायला लागले. पण वर्षभराची सवय मोडलेली, त्यात डोळ्यांत पाणी, नीट दिसेना.

पहिला बिबडा वाकडा झाला. फुईने तो पाहिला, आणि तसाच राहू दिला.